पिंग लागतंय, तरी मशीन मधेच थांबतंय

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं पॅटर्न शॉप आहे. फाउंड्रीवाल्यांना लागणारे लाकडी आणि ॲल्युमिनियमचे पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचे साचे घेतात ते नमुने), कोअर बॉक्स असलं काम. त्यासाठी तीन अक्षांचं एक सीएनसी राउटर मशीन आहे. सांगाडा दणकट, बॉलस्क्रू चांगले, सर्व्हो ड्राइव्हही ठणठणीत. पण ते चालवणारा कॉम्प्युटर विंडोज एक्सपीच्या जमान्यातला, आणि ड्राइव्हना पल्स जायचे ते त्याच्या पॅरलल पोर्टमधून, म्हणजे पूर्वी प्रिंटर लावायचो त्या पोर्टमधून. मे २०२४ मध्ये त्याचा मदरबोर्ड गेला. राजारामपुरीत चौकशी केली तर पॅरलल पोर्टवाला बोर्ड जुन्या मालातही मिळेना. जे मिळाले त्यांचे कपॅसिटर फुगलेले.

तिथून पुढं ऑगस्टच्या मध्यापर्यंत, मशीनला नेटवर्क केबलवर चालणारा नवा कंट्रोलर जोडताना, जे काय झालं ते इथं क्रमानं लिहितोय. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला माणूस. वायरिंग, रिले, ड्राइव्हचे पॅरामीटर हे हातातलं काम, पण नेटवर्क म्हणजे ऑफिसचं वायफाय चालू-बंद करण्यापुरतं. माझ्यासारख्या अवस्थेत कुणी असेल तर त्याचे चार रविवार वाचावेत.

पर्याय दोन होते. यूएसबीवर चालणारा मोशन कंट्रोलर (कॉम्प्युटरच्या हुकमावरून ड्राइव्हना पल्स देणारं कार्ड) किंवा इथरनेटवर, म्हणजे नेटवर्क केबलवर, चालणारा. यूएसबीवाले स्वस्त, पण स्पिंडलचा (टूल फिरवणाऱ्या मोटरचा) व्हीएफडी, म्हणजे तिचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, शेजारी असताना यूएसबी तुटते हे आम्ही दुसऱ्यांच्या मशीनवर बघितलं होतं. इथरनेटच्या पोर्टमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळं कॉम्प्युटर आणि मशीन यांच्यात विजेचा थेट संबंध राहत नाही. म्हणून मेसा कंपनीचं ७आय७६ई हे कार्ड आणि लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर ठरवलं. लिनक्ससीएनसी फुकट आहे. त्याचं मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेतल्या प्रकल्पात आहे, आणि मोकळ्या सॉफ्टवेअरचं असतं तसंच याचंही: माहिती सगळी मिळते, फक्त हवी तेव्हा समोर येत नाही.

कार्ड अमेरिकेतून मागवायचं, तेही शॉपच्या नावावर, तर आधी आयईसी लागतो. म्हणजे आयात-निर्यातीचा कोड. तो डीजीएफटीच्या (परदेशी व्यापाराचं सरकारी खातं) वेबसाइटवर मिळतो. फी ५०० रुपये, सोबत पॅन, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला चेक. पॅनचा नंबर हाच आयईसीचा नंबर असतो. एजंट मधे घालायची काही गरज नाही. फक्त दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्या साइटवर जाऊन माहिती तपासून अपडेट करावी लागते, नाहीतर कोड बंद पडतो. कार्ड मुंबईत पोचलं आणि कुरिअरवाल्यांची ईमेल आली: जीएसटीचं प्रमाणपत्र, आयईसी, लेटरहेडवर अधिकारपत्र आणि हे बोर्ड नक्की कशासाठी वापरणार त्याचं एक पान. ते पान इंग्रजीत, सरळ भाषेत, कार्डाच्या फोटोसकट लिहून पाठवलं. त्याआधी नुसतं "इलेक्ट्रॉनिक बोर्ड" असं कळवलेलं चाललं नव्हतं. ड्यूटी आणि आयजीएसटी भरून, वाहतुकीसकट, सगळं तीस हजारांच्या आत-बाहेर पडलं. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, तेवढंच समाधान. जुना पण चांगला ऑफिस कॉम्प्युटर राजारामपुरीतूनच नऊ हजाराला घेतला.

कार्ड हातात पडलं २१ जूनला. पाच व्होल्ट दिले, केबल लावली, पोर्टवरचे दिवे लागले. सॉफ्टवेअरचं आणि कार्डाचं बोलणं होतंय का बघायला पिंग केलं, म्हणजे कार्डाच्या पत्त्यावर हाक मारून उत्तर येतंय का पाहिलं. उत्तर आलं, "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल".

पोर्टवरचा हिरवा दिवा एवढंच सांगतो की तारेची दोन्ही टोकं एकमेकांना दिसताहेत. पत्ते जुळतात की नाही, त्याच्याशी त्या दिव्याचा काही संबंध नाही. कार्डाचा कारखान्यातून येणारा पत्ता १९२.१६८.१.१२१. लिनक्सनं केबलचं कनेक्शन "ऑटोमॅटिक"वर ठेवलेलं, म्हणजे समोरून कुणीतरी पत्ता देईल म्हणून ते वाट बघत बसलेलं. कार्ड कुणाला पत्ता देत नाही. मग कॉम्प्युटरला माहीत असलेली वाट एकच उरली, वायफायची, आणि आमच्या ऑफिसच्या वायफायवर सगळे पत्ते १९२.१६८.१ नंच सुरू होणारे. पिंग हवेत जात होता. जिथं कार्ड नाही तिथं कार्डाला शोधत होता.

हे कळायला टर्मिनलवरची एक साधी कमांड पुरते, "आयपी रूट गेट" आणि पुढं कार्डाचा पत्ता. त्या पत्त्याकडं पॅकेट (डेटाचा तुकडा) कुठल्या पोर्टातून जाणार ते एका ओळीत येतं. मला ती कमांड माहीत व्हायच्या आधी दोन केबली आणि एक पॉवर सप्लाय बदलून झाली होती.

केबलच्या कनेक्शनला हातानं १९२.१६८.१.१० दिला. लगेच पिंग लागला. आणि पाच मिनिटांत दादानं ऑफिसातून हाक मारली. (दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, शॉपचा हिशेब त्याच्याकडं.)

"अरे, डिझाइनचा फोल्डर उघडंना तुझ्या पीसीवर. फाइल कशी टाकायची?"

आता उलटं झालं होतं. १९२.१६८.१ नं सुरू होणारं सगळं कॉम्प्युटर केबलमधून पाठवायला लागला, त्यामुळं ऑफिसचा राउटर, डिझाइनचा पीसी, प्रिंटर सगळे त्याच्या दृष्टीनं कार्डापलीकडं गेले. एका कॉम्प्युटरच्या दोन पोर्टांवर एकाच मालिकेतले पत्ते ठेवायचे नाहीत, हा नियम मला असा कळला. कार्डावर छोटे जंपर (हातानं जागा बदलायच्या पिनांवरच्या टोप्या) आहेत. डब्ल्यू-२ खालीच ठेवून डब्ल्यू-३ वर केला की कार्ड आपल्या मेमरीतला पत्ता घेतं, तो १०.१०.१०.१०. कॉम्प्युटरला १०.१०.१०.१, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवेची (बाहेर जायच्या वाटेची) जागा रिकामी. गेटवे रिकामाच ठेवा. भरला तर इंटरनेटचं सगळं काम कॉम्प्युटर कार्डाकडून करून घ्यायला बघतो. त्याच दिवशी वायफाय आणि कार्ड दोन्ही सुरळीत झाले.

खात्रीसाठी आणखी एक: "आयपी नेबर" ही कमांड दिली की शेजाऱ्यांची यादी येते. त्यात १०.१०.१०.१० समोर ००:६०:१बी नं सुरू होणारा हार्डवेअरचा पत्ता दिसला की समोर मेसाचंच कार्ड आहे. तिथं "फेल्ड" असेल तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये शिरूच नका, भानगड अजून तारेत, जंपरमध्ये किंवा पत्त्यातच आहे.

(विंडोजवर दुसरा कंट्रोलर वापरणाऱ्यांसाठी: पत्त्यांचा हा घोळ तिथंही असाच असतो. इथरनेट स्मूथस्टेपरचा पत्ता १०.९.९.९ असतो, कॉम्प्युटरला त्याच मालिकेतला दुसरा द्यायचा. शिवाय विंडोज अशा केबलला "अनोळखी नेटवर्क" म्हणून पब्लिकमध्ये टाकतं आणि फायरवॉल आपल्या सॉफ्टवेअरची पॅकेटं गुपचूप अडवते. पिंग लागतो पण सॉफ्टवेअर "डिव्हाइस नॉट फाउंड" म्हणतं तेव्हा आधी तिथं बघा. प्रायव्हेट आणि पब्लिक, दोन्हींवर परवानगी द्या.)

पिंग लागला म्हणजे झालं, असं वाटून मी घरी सांगूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी लिनक्ससीएनसी सुरूच होईना. एररमध्ये एक लांबलचक पिनचं नाव (पिन म्हणजे इथं सॉफ्टवेअरमधलं एकेक इनपुट-आउटपुट) आणि शेवटी "डझ नॉट एक्झिस्ट". कॉन्फिगरेशनची फाइल मी ओळन् ओळ तपासली, नाव बरोबर होतं. पिन "नाही" म्हणजे काय?

या कार्डाला दोन वेगळ्या वीज लागतात. पाच व्होल्टवर नेटवर्क आणि मुख्य चिप चालते. लिमिट स्विच, होम स्विच, रिले यांचा भाग चालतो फील्ड पॉवरवर, आमच्याकडं २४ व्होल्ट. तो भाग स्वतःच एक छोटा वेगळा प्रोसेसर आहे, आणि लिनक्ससीएनसी सुरू होताना मुख्य चिप त्याला हाक मारते. २४ व्होल्ट नसतील तर तो उत्तर देत नाही, आणि त्याच्या पिना तयारच होत नाहीत. पिंग मात्र झकास लागतो, कारण पिंगला पाच व्होल्ट पुरतात.

आमच्या पॅनेलमध्ये जुन्या पद्धतीनं २४ व्होल्ट इमर्जन्सी स्टॉपच्या पलीकडून घेतलेले. लाल बटण दाबलेलं असताना कॉम्प्युटर सुरू केला की सॉफ्टवेअर उघडत नाही, आणि चालू असताना बटण दाबलं की सगळा संवाद तुटून सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करावं लागतं. आमच्या इलेक्ट्रिशियनबरोबर बसून वायरिंग बदललं. कार्डाचे २४ व्होल्ट इमर्जन्सीच्या आधीच घेतले. सर्व्हो ड्राइव्हची ताकदीची वीज आणि स्पिंडल मात्र कॉन्टॅक्टरमधूनच, लाल बटणानं थेट तुटणारे. यात सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवायचा नाही. बटण दाबल्यावर मोटरची वीज तारेनंच गेली पाहिजे.

जुलैच्या सुरुवातीला मशीन हललं. होमिंग झालं, एक्स-वाय-झेड बरोबर दिशेनं फिरले, मामांनी लाकडाच्या तुकड्यावर एक गोल कापून व्हर्नियर लावला आणि मान डोलवली. मामा म्हणजे आमचे ऑपरेटर. नात्यानं कुणाचेच मामा नाहीत, पण सगळ्या शॉपचे मामा.

खरा त्रास त्यानंतर.

९ जुलैला एका पंप केसिंगचा पॅटर्न लावलेला. सागाचा ठोकळा, रफिंग संपलेलं, फिनिशिंग चालू. मशीन मधेच थांबलं आणि स्क्रीनवर "एरर फिनिशिंग रीड". पुन्हा सुरू केलं, तर दुपारी परत तेच. मामा टूल वर घेऊन उभे.

"आलंय बघ परत तुझं फिनिशिंग. इथं माझं फिनिशिंग राहिलंय त्याचं काय?"

मी पिंग लावायला गेलो तर "ऑपरेशन नॉट परमिटेड". पोटात गोळाच आला. कार्ड गेलं की काय? खरं तर तसं काही नव्हतं. लिनक्ससीएनसी चालू असताना त्याचा ड्रायव्हर त्या पोर्टावर स्वतःचे फायरवॉलचे नियम लावतो, म्हणजे दुसऱ्या कुणाची पॅकेटं मधे यायला नकोत. त्यात पिंगही अडतो. पिंगची चाचणी सॉफ्टवेअर बंद करूनच घ्यायची. कुठल्याही जागी ठळक लिहून ठेवावं असं हे वाक्य आहे आणि मला ते ड्रायव्हरच्या सोर्समधल्या एका टिपेत सापडलं.

मशीन चालताना काय होतं ते थोडं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दर मिलिसेकंदाला कॉम्प्युटर कार्डाला विचारतो, "कुठं आहेस?" कार्ड अक्षांची जागा सांगतं, कॉम्प्युटर नवा वेग काढून परत पाठवतो. सेकंदाला हजार वेळा. उत्तरासाठी ड्रायव्हर साधारण ठरलेल्या वेळेच्या ८० टक्के, म्हणजे ०.८ मिलिसेकंद थांबतो. उत्तर त्यात आलं नाही तर एक आकडा दोननं वाढतो, वेळेत आलं तर एकनं उतरतो. तो आकडा १० वर पोचला की ड्रायव्हर हात वर करतो. म्हणजे लागोपाठ पाच हाका वाया गेल्या की संपलं. इकडं कार्डालाही स्वतःचा वॉचडॉग आहे. पाच मिलिसेकंद काही आलं नाही की ते आउटपुट बंद करून टाकतं. हे चांगलंच आहे, संवाद तुटल्यावर मशीन भरकटण्यापेक्षा थांबलेलं बरं.

तेव्हा पिंग "लागतो का" हा प्रश्नच इथं बिनकामाचा. सर्वात उशिरा आलेलं उत्तर किती उशिरा आलं, ते बघायचं. सॉफ्टवेअर बंद करून, पिंगला रिअलटाइमची सर्वात वरची प्राधान्यता देऊन, दर मिलिसेकंदाला एक असे हजारो पिंग सोडले. सरासरी आली ०.१५ मिलिसेकंद. एवढीच बघितली असती तर खूश होऊन उठलो असतो. पण शेवटच्या ओळीत "मॅक्स" म्हणून आकडा येतो, तो होता चारच्या वर. एका मिलिसेकंदाच्या कामात चार मिलिसेकंदांचा उशीर.

आधी कॉम्प्युटरचीच झाडाझडती. लिनक्ससीएनसीबरोबर लेटन्सीची, म्हणजे कॉम्प्युटरच्या उशिराची, चाचणी येते, ती लावून वर यूट्यूब, फाइल कॉपी, सगळा गोंधळ घातला. मग बायोसमध्ये शिरून प्रोसेसरला डुलकी घेऊ देणाऱ्या सोयी बंद केल्या: सी-स्टेट, वेग कमी-जास्त करणारी स्पीडस्टेप, टर्बो. ऑफिसच्या कामाला या सोयी उत्तम, वीज वाचते. मशीनच्या कामात प्रोसेसर झोपेतून उठेपर्यंत हाक वाया जाते. लेटन्सी उतरली, पिंगचा मॅक्स दोनवर आला. अजून दुप्पट.

उरलेला उशीर मदरबोर्डवरच्या नेटवर्क चिपमध्ये होता. या चिपा प्रोसेसरला उगाच त्रास नको म्हणून आलेली पॅकेटं जरा साठवतात आणि मग एकदम कळवतात. वडापवाला जसा गाडी भरल्याशिवाय हलत नाही, तसं. इंटरनेटला त्यानं काही फरक पडत नाही. इथं एकच प्रवासी आहे आणि त्याला आत्ताच्या आत्ता जायचंय. ही साठवण इथटूल नावाच्या कमांडनं शून्य मायक्रोसेकंदावर आणता येते, पण आमच्या बोर्डावरची चिप ते सेटिंग घेईना. ड्रायव्हर बदलून पाहिला, फरक पडला पण पुरेसा नाही. वीज वाचवणारं इथरनेट, ज्याला ट्रिपल-ई म्हणतात, तेही बंद करून पाहिलं. शेवटी इंटेलचं एक जुनं पीसीआय एक्सप्रेस नेटवर्क कार्ड नऊशे रुपयांना घेतलं. त्यावर साठवण शून्य केली, तीही नेटवर्कच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून, म्हणजे कॉम्प्युटर बंद-चालू केल्यावर पुसली जाणार नाही. पिंगचा मॅक्स ०.३ च्या खाली आला. तासभर लावून ठेवला तरी तिथंच.

माझा अनुभव विचाराल तर बोर्डावरच्या चिपेशी झुंजत बसू नका. मी त्यात जुलैचे जवळजवळ दोन आठवडे घालवले. नऊशे रुपयांचं कार्ड आधी घेतलं असतं तर... जाऊ दे.

मधेच जुलैअखेरीस पाऊस. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, गावात पाणी, निम्मी माणसं कामावर येईनात. दादानं अडलेले दोन पॅटर्न बाहेरच्या शॉपमध्ये जॉबवर्कला दिले. त्याचा खर्च मी या हिशेबात धरलेला नाही, दादा धरतो.

पाणी उतरलं, मशीन लावलं. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी पुन्हा "एरर फिनिशिंग रीड".

तोच मेसेज, तीच ओळ. खरंच सांगतो, त्या संध्याकाळी मी दादाला म्हणालो की हे सगळं काढून विकून टाकू आणि तयार कंट्रोलर घेऊ. मामांनी तेवढ्यात भिंतीवरचं कॅलेंडर काढून समोर ठेवलं. पहिल्या दिवसापासून मशीन कधी थांबलं ते त्यांनी पेन्सिलीनं तारखेच्या चौकटीत लिहून ठेवलेलं. वेळ, आणि पुढं एक-दोन शब्द: "रिकामं", "जेवणात", "स्पिंडल", "चालू कटिंग", "स्पिंडल".

"हे बघ," ते म्हणाले, "आधी कवाबी थांबायचं. रिकामं असलं तरी. आता नुसतं स्पिंडल चढताना थांबतंय. हे येगळं हाय."

माझ्या इतक्या दिवसांच्या आकड्यांपेक्षा त्या पेन्सिलीच्या नोंदीत जास्त होतं. मेसेज एक, आजार दोन. पहिला उशिराचा होता, तो गेला. दुसरा त्याच्याखाली दबून होता.

इथटूलला त्या पोर्टाची आकडेवारी मागितली की भलीमोठी यादी येते. त्यात "आरएक्स सीआरसी एरर्स" अशी एक ओळ असते. वाटेत बिघडून आलेल्या, त्यामुळं फेकून दिलेल्या पॅकेटांची ती मोजणी. दर सेकंदाला ती ओळ ताजी होईल अशी लावली आणि मामांना स्पिंडल चालू करायला सांगितलं. स्पिंडल बंद असताना आकडा स्थिर. व्हीएफडीनं गुंजारव सुरू केला, वेग चढायला लागला आणि आकडा सरकला. १४, १५, १९, ३१. पूर्ण वेगावर गेल्यावर जरा मंदावला, थांबवताना पुन्हा उसळला. उशीर अजिबात नाही, पॅकेटंच फाटून येत होती.

पहिला संशय केबलच्या वाटेवर. आमची नेटवर्क केबल स्पिंडलच्या मोटरच्या केबलला चिकटून एकाच ट्रेमधून आलेली. ती वेगळी काढली, जिथं ओलांडावीच लागते तिथं काटकोनात ओलांडली. मोटरची केबल शील्डवाली होती, पण शील्डचं टोक व्हीएफडीच्या बाजूला नुसतंच कापून सोडलेलं. ते क्लॅम्पखाली घेऊन नीट अर्थ केलं. आकडा सरकायचा कमी झाला, थांबला नाही.

मग केबल स्वतः. ती पॅनेलचं काम करून देणाऱ्यानं जागेवर क्रिंप केलेली. टेस्टरवर लावली तर एक ते आठ सगळे दिवे क्रमानं लागले, म्हणजे "ओके". पण प्लग डोळ्यासमोर धरला, भिंगातून बघितला तर रंग असे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला अगदी व्यवस्थित, दोन-दोनच्या जोड्या. दोन्ही टोकांना तसंच.

आणि तेच चुकीचं. या कार्डाच्या इथरनेटमध्ये एक सिग्नल १ आणि २ नंबरच्या पिनांवर जातो, दुसरा ३ आणि ६ वर. म्हणून नियमानं ४ वर निळा, ५ वर पांढरा-निळा आणि ६ वर हिरवा येतो, म्हणजे पांढरा-हिरवा आणि हिरवा ही पिळलेली जोडी ३ आणि ६ वर एकत्र राहते. आमच्या केबलमध्ये ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा. दोन तारा वेगवेगळ्या जोड्यांतल्या. तारा एकमेकींना पिळलेल्या असल्या तर बाहेरचा विजेचा आवाज (नॉइज) दोघींवर सारखा बसतो आणि समोर वजा होतो. इथं एक सिग्नल दोन परक्या तारांवर चालला होता, मग व्हीएफडीचा आवाज वजा कसा होणार? टेस्टर फक्त कोणती पिन कोणत्या पिनेला पोचली एवढंच बघतो, कुठली तार कुणाबरोबर पिळलीय ते त्याला कळत नाही. छोट्या अंतरावर, शांत ऑफिसात अशी केबल वर्षानुवर्षं चालते.

अडीचशे रुपयांची, कंपनीतूनच मोल्ड होऊन आलेली कॅट-६ केबल लावली. आकडेवारी शून्यापासून सुरू केली, स्पिंडल वीस-वीस वेळा चढवला-उतरवला. सीआरसीची ओळ शून्यावरून हलली नाही. मामा म्हणाले, "आता राहू दे, बेअरिंगला पण जीव हाय."

त्या रात्री लाकूड न लावता, स्पिंडल फिरता ठेवून, सगळ्यात लांब चालणारा फिनिशिंगचा प्रोग्राम हवेत लावला. सोबत ड्रायव्हरचा तो दोननं चढणारा आकडाही हालमीटरवर (लिनक्ससीएनसीतले आकडे दाखवणाऱ्या खिडकीत) उघडा ठेवला. सकाळी प्रोग्राम संपलेला, आकडा शून्य. १४ ऑगस्टला पंप केसिंगचा तोच पॅटर्न परत लावला आणि एका दमात निघाला.

खर्चाचं बघायचं तर कार्ड आणि कॉम्प्युटर धरून चाळीस हजारांच्या घरात, त्यात नेटवर्कच्या भानगडीचा खरा खर्च म्हणजे नऊशेचं नेटवर्क कार्ड आणि अडीचशेची केबल. बाकी सगळा वेळ. पुन्हा करायची वेळ आली तर मी क्रम असा ठेवीन: आधी चांगली मोल्डेड केबल, मग वेगळ्या मालिकेतला पत्ता, मग पिंगचा मॅक्स, मग स्पिंडल चालू ठेवून सीआरसी. सॉफ्टवेअरच्या फाइलींना हात त्यानंतर.

नंतरची थोडी कामं. लिनक्सचे आपोआप होणारे अपडेट बंद केलेत, कारण अपडेटमधून साधा कर्नल (लिनक्सचा गाभा) येऊन बसला तर रिअलटाइम, म्हणजे काम ठरल्या वेळेत होण्याची हमी, जाईल आणि पहिला आजार परत येईल. हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत काढून दादाच्या कपाटात ठेवलीय. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय: कार्डाचा पत्ता, कॉम्प्युटरचा पत्ता, जंपर कसे आहेत, केबल कुठल्या पोर्टात, आणि "सॉफ्टवेअर बंद करूनच पिंग करणे". मामांनी त्याखाली स्वतःच्या अक्षरात वाढवलंय, "थांबलं तर वेळ लिहिणे." शेजारी तसलीच एक स्पेअर केबल टांगली आहे. तीही मशीनवर लावून, स्पिंडल फिरवून बघितलेली.